वाटेची राखण : नाणेघाटापासून रेल्वेच्या संगणकीय सिग्नलपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून आजही रेल्वेचा रूळ जात नाही, आणि तरीही रेल्वेच्या सायबर सुरक्षेचा विषय इतिहासाच्या अंगाने समजून घ्यायचा तर या मुलखाइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वाटेवरून जाणाऱ्या मालाची आणि माणसांची राखण कशी केली जात असे, याचा दोन हजार वर्षांचा पुरावा सह्याद्रीच्या या धारेवर डोळ्यांना दिसेल अशा रूपात शिल्लक आहे. शिवाय एकविसाव्या शतकात येथे येऊ घातलेली रेल्वे ज्या कारणाने अडली, ते कारण रेडिओ लहरींशी निगडित होते. रेल्वेच्या कार्यालयांत तिकिटे, पगार आणि पत्रव्यवहार सांभाळणारी संगणकव्यवस्था ही माहिती तंत्रज्ञानाची बाजू होय; सिग्नल, सांधे, वीजपुरवठा आणि ब्रेक यांना प्रत्यक्ष हलवणारी जी यंत्रणा असते, तिला संचालन तंत्रज्ञान म्हणतात, आणि तिच्या रक्षणाचे नियम हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

कल्याण आणि सोपारा या बंदरांतून देशावर येणारा माल सातवाहन काळात नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे आणि तेथून पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील शिलालेख आहे, तर जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांमध्ये धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीपासून यवन दात्यांपर्यंत अनेकांच्या दानांची नोंद आढळते. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. रांजणाचे प्रयोजन काहीही असो, घाटाची रचना मात्र निःसंदिग्ध आहे. चढणीची चिंचोळी वाट एकाच नळीतून वर येते, तिच्या डोक्यावर जीवधन उभा आहे, पुढे चावंड आणि हडसर आहेत, आणि बाजारपेठेच्या अगदी उशाशी शिवनेरी आहे. या गडांचे आज दिसणारे बांधकाम बहुतांशी मध्ययुगीन असले, तरी त्यांची मांडणी वाटेच्या हिशेबानेच झालेली आहे, हे नकाशावर नजर टाकताच पटते.

या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले असे की तीत प्रदेशाचे तुकडे पाडलेले होते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याची जागा ठरलेली व पहाऱ्याखाली असे, त्यामुळे एक चौकी पडली म्हणून सारा मुलूख उघडा पडत नसे. दुसरे असे की येणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवला जात नसे. मराठा अमदानीत जकातीच्या नाक्यावर दस्तक, म्हणजे माल सोडण्याचा शिक्क्यानिशी दिलेला परवाना, दाखवावा लागे, आणि गडाच्या पायथ्याच्या मेटांवरचे मेटकरी अनोळखी माणसाला वर जाऊ देत नसत. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच गृहीत होते: वाटेवर येणारे संकट दरड किंवा पूर यांसारखे आंधळे असेलच असे नाही, ते विचार करणाऱ्या, वेळ साधणाऱ्या आणि खोटे बोलणाऱ्या माणसाच्या रूपातही येते. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले तेव्हा जीवधन आणि हडसर यांच्या वाटा सुरुंगांनी उडवून दिल्या, यावरून राखणीचे मर्म कशात आहे हे जेत्यांनी अचूक ओळखले होते असे म्हणावे लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. सह्याद्री ओलांडण्याच्या प्रारंभीच्या योजनांमध्ये जुन्नरच्या उशाचा माळशेज घाट विचारात घेतलेला होता. परंतु मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या पाहणीनंतर तो मागे पडला आणि दक्षिणेकडे बोरघाट व उत्तरेकडे थळघाट हे दोन मार्ग निवडले गेले. बोरघाटातील चढण १८६३ मध्ये आणि थळघाटातील १८६५ मध्ये खुली झाली, आणि दोन्ही लोहमार्गांच्या मधल्या पट्ट्यातील जुन्या वाटा व्यापाराच्या दृष्टीने ओस पडल्या. एकेकाळी दप्तरखान्यांना हातकागद पुरवणारे जुन्नर तालुक्याचे गाव होऊन राहिले. घोड नदीच्या खोऱ्यातील आंबेगावची स्थिती वेगळी नव्हती; पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगावच गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून, बाजार मंचरातून चालू राहिला.

घाटाखाली आणि देशावर जी रेल्वे वाढली, तिच्या सुरक्षेचे शास्त्र मात्र नाणेघाटाच्या शास्त्राहून मुळातच निराळे होते. आरंभी एक गाडी गेल्यावर ठरावीक वेळ थांबून दुसरी सोडत. तारायंत्र आल्यावर दोन स्थानकांमधील मार्ग हा एक ‘ब्लॉक’ मानण्यात आला आणि पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याखेरीज त्यात दुसरी गाडी सोडू नये, असा नियम झाला. एकेरी मार्गावर ब्लॉकमध्ये शिरण्याचा परवाना म्हणून चालकाच्या हाती टोकन देण्याची पद्धत पडली. नीलच्या यंत्रातून निघणारा धातूचा गोळा भारतातील असंख्य स्थानकांवर अशा टोकनाचे काम करीत असे, आणि दोन्ही टोकांची यंत्रे विजेने जोडलेली असल्यामुळे एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नसे. सांधे आणि सिग्नल यांचे खटके परस्परांत अडकवण्याच्या योजनेला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा चुकीच्या बाजूस असेल तर सिग्नलचा खटका मुळी हलतच नाही. आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी झालेल्या भीषण अपघातानंतर ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक यांची सक्ती केली, आणि हीच तत्त्वे भारतातील रेल्वेच्याही अंगवळणी पडली.

या सर्व योजनांचा आत्मा एकच होता, तो म्हणजे बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा. तार तुटली तर सिग्नलचा हात वजनाने आपोआप ‘धोका’ दाखवणाऱ्या स्थितीत यावा, वीज गेली तर रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेला स्विच, गळून पडावा आणि दिवा लाल व्हावा. हे तत्त्व इतके प्रभावी ठरले की दीड शतक सिग्नल अभियंत्याला शत्रूचा विचार करण्याची गरजच भासली नाही. तो विचार कायद्याकडे सोपवलेला होता: १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमातील १२६ वे कलम दुष्ट हेतूने गाडी पाडण्याच्या कृत्याला शिक्षा सांगत असे आणि १९८९ च्या अधिनियमात ते १५० व्या कलमाच्या रूपाने टिकून आहे. कायदेपंडित हेतूची चिकित्सा करीत होते, अभियंते झीज, गंज आणि विसराळूपणा यांची. आणि या दोन विद्याशाखांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. खटक्यांच्या केबिनला कुलूप असे, आत केबिनमन असे, आणि खटक्यापर्यंत हात पोहोचवायचा तर माणसाला स्वतः तेथवर यावे लागे.

हेतुपुरस्सर आघात कसा असतो याचे उदाहरण आंबेगावच्या कड्याखालीच घडले. आहुपे घाटाच्या परिसरातून जो सिद्धगड दिसतो, तेथे २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात हौतात्म्य आले. कोतवालांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाने त्याआधीच्या काही महिन्यांत मुंबईकडे वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडण्याची मोहीम चालवली होती. मुंबईची उपनगरी गाडी १९२५ पासून विजेवर धावू लागली होती, आणि रुळाला हातही न लावता, कित्येक मैल दूरच्या डोंगरातून तिच्या आधारभूत यंत्रणेवर घाव घालता येतो, हे या मोहिमेमागील जाणतेपण होते. आजच्या सुरक्षातज्ज्ञांच्या अहवालांत परस्परावलंबी पायाभूत यंत्रणा असा जो जड शब्दप्रयोग येतो, त्याचा अर्थ सह्याद्रीतल्या या तरुणांना पुस्तकाविना कळला होता. तेव्हाही फार तर गाड्या थांबत. रिले आणि खटके यांच्या जगात शत्रूला गाडी अडवता येत असे, परंतु दूर बसून सिग्नलला खोटे बोलायला लावणे शक्य नव्हते.

ते शक्य झाले संगणकामुळे. १९२८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, नंतरच्या काळात खटक्यांची जागा रिलेंनी घेतली, आणि १९८५ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे इंटरलॉकिंग प्रथम कार्यान्वित झाले. भारतातील स्थानकांवरही इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग पसरत गेले. पूर्वी जे तर्कशास्त्र लोखंडी पट्ट्यांच्या खाचांत कोरलेले होते, ते आता आज्ञावलीत लिहिले गेले, आणि लिहिलेले पुन्हा लिहिता येते. युरोपीय मानकसंस्थांनी या यंत्रणांसाठी ईएन ५०१२६, ५०१२८ आणि ५०१२९ ही मानके सिद्ध केली, ज्यांत सुरक्षेची खात्री चार पातळ्यांत मोजली जाते. चौथी, म्हणजे सर्वांत कडक पातळी गाठायची तर यंत्रणेचे घातक बिघाडाचे प्रमाण दहा कोटी तासांत एकाहून कमी असावे लागते. ही गणना अत्यंत काटेकोर आहे, पण ती संभाव्यतेवर उभी आहे आणि यादृच्छिक बिघाडांनाच लागू पडते. हल्लेखोर यादृच्छिक नसतो. दहा कोटी तासांत एकदाच उद्भवणारी परिस्थिती तो ठरवून, हव्या त्या मंगळवारी सकाळी घडवून आणू शकतो.

मानकांच्या परंपरेत हल्लेखोराचा हेतू प्रथम शिरला तो दळणवळणाच्या दाराने. ईएन ५०१५९ या मानकाने सिग्नलचा संदेश वाहून नेताना होऊ शकणारे घोटाळे सांगितले: संदेश पुन्हा येणे, गळणे, मध्येच घुसवला जाणे, क्रम बदलणे, बिघडणे, उशिरा पोहोचणे आणि तोतयाने पाठवलेला असणे. यांपैकी पहिले सहा प्रकार आपोआपही घडू शकतात. सातवा माणसाविना घडत नाही. म्हणूनच ज्या जाळ्यात अनधिकृत व्यक्तीचा शिरकाव नाकारता येत नाही, त्यासाठी हे मानक गूढलेखनावर आधारित उपाय मागते. दस्तकावरचा शिक्का पारखण्याची गरज सिग्नलच्या शास्त्रात इतक्या उशिरा मान्य झाली.

गरज कल्पनेतली नव्हती. जानेवारी २००८ मध्ये पोलंडमधील वुच शहरात एका चौदा वर्षांच्या मुलाने दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे सांधे बदलले, त्यात चार ट्राम रुळांवरून घसरल्या आणि बारा जण जखमी झाले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या आज्ञावलीने इराणमधील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडवली आणि कारखान्यातले नियंत्रक बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवले म्हणजे निर्धास्त राहता येते, हा समज मोडीत काढला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा पोलंडमध्येच सुमारे वीस गाड्या एका रात्रीत थांबल्या, कारण तेथील जुन्या रेडिओयंत्रणेत ठरावीक तीन स्वर ऐकताच गाडीने आपत्कालीन ब्रेक लावावा अशी योजना होती आणि ते स्वर कोण वाजवीत आहे हे विचारण्याची सोयच नव्हती. येथे बिघाड सुरक्षित बाजूलाच झाला, हे खरे. परंतु ज्याला देशाची वाहतूक ठप्प करायची आहे त्याचे काम नेमके त्या सुरक्षित बाजूनेच साधले.

या पार्श्वभूमीवर औद्योगिक नियंत्रणयंत्रणांसाठीची आयईसी ६२४४३ ही मानकमालिका पुढे आली. तिचे मूळ २००२ मध्ये स्थापन झालेल्या आयएसए ९९ या अमेरिकी समितीच्या कामात आहे. तिच्या मध्यवर्ती कल्पना दोन आहेत. संपूर्ण यंत्रणा विभागांत वाटावी, प्रत्येक विभागातील साधनांची जोखीम सारखी असावी, आणि दोन विभागांना जोडणाऱ्या वाहिन्या मोजक्या, नोंदलेल्या व पहाऱ्याखालच्या असाव्यात, ही पहिली कल्पना. जीवधन, चावंड आणि हडसर यांची मांडणी पाहिलेल्या अभ्यासकाला तीत नवे असे फारसे वाटणार नाही. दुसरी कल्पना अधिक मौलिक आहे. सुरक्षेची पातळी येथे बिघाडांच्या संख्येवरून न ठरता प्रतिस्पर्ध्याच्या कुवतीवरून ठरते: पहिल्या पातळीवर सहज किंवा अनवधानाने होणारा अतिक्रम, दुसऱ्यावर साध्या साधनांचा आणि सामान्य कौशल्याचा हल्लेखोर, तिसऱ्यावर या यंत्रणांची खास माहिती असलेला, आणि चौथ्यावर भरपूर साधनसामग्री व चिकाटी असलेला, बहुधा एखाद्या राष्ट्राचे पाठबळ लाभलेला. १८९० च्या कायद्यातला ‘हेतू’ अशा रीतीने अभियांत्रिकीच्या कोष्टकात येऊन बसला.

रेल्वेसाठी हेच तत्त्व युरोपच्या सीएलसी टीएस ५०७०१ या २०२१ च्या तांत्रिक विनिर्देशाने मांडले, आणि त्याच्या आधारे आयईसी ६३४५२ हे जागतिक मानक घडवण्याचे काम आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने हाती घेतले. कार्यालयीन संगणकाचे नियम रेल्वेला जसेच्या तसे का लावता येत नाहीत, हे या दस्तऐवजांच्या मुळाशी असलेले प्रश्न पाहिले म्हणजे कळते. घरच्या संगणकाची आज्ञावली दरमहा दुरुस्त होते. इंटरलॉकिंगच्या आज्ञावलीत एक ओळ बदलली तरी तिची सुरक्षा नव्याने सिद्ध करावी लागते, आणि ही यंत्रणा दोन-तीन दशके बदलायची नसते. सुरक्षेचे प्रमाणपत्र सांगते की सिद्ध झालेल्याला हात लावू नका. सायबर सुरक्षा सांगते की उघड झालेले छिद्र आजच बुजवा. या विसंवादावर काढलेला मार्ग असा की जीवितरक्षणाचा गाभा शक्यतो अविचल ठेवावा आणि वारंवार बदलावी लागणारी संरक्षक आवरणे त्याच्या बाहेरून चढवावीत. तोडगा चतुर आहे, पण गाभ्यालाच बाहेरून रेडिओने संदेश येऊ लागले की आवरण कोठे संपते हे सांगणे कठीण होते.

भारतात या क्षेत्राची कायदेशीर चौकट २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आणि त्याच्या २००८ च्या दुरुस्तीत आहे. २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही संस्था सायबर घटनांची दखल घेते, आणि २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. अत्यावश्यक माहिती-पायाभूत यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी हे केंद्र स्थापन झाले आणि वाहतूक हे त्याच्या क्षेत्रांपैकी एक आहे. महाराष्ट्राला या विषयाची तीव्र जाणीव झाली ती १२ ऑक्टोबर २०२० रोजी, जेव्हा मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. राज्याच्या सायबर विभागाने परक्या आज्ञावलीची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. इतिहासाच्या दृष्टीने निर्णयापेक्षा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण वीज गेल्यावर ‘कोणी घालवली?’ असे विचारले जाण्याची वेळ कोतवालांच्या मोहिमेनंतर प्रदीर्घ काळाने आली होती.

दरम्यान भारतीय रेल्वेने आरडीएसओ या आपल्या संशोधन संस्थेमार्फत ‘कवच’ ही स्वयंचलित गाडीसंरक्षण यंत्रणा विकसित केली आणि २०२० मध्ये तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारले. रुळांत बसवलेल्या रेडिओ-खुणांवरून इंजिन आपले स्थान ओळखते, स्थानकातील संगणकाशी मनोऱ्यांमार्फत रेडिओने बोलते, आणि चालकाने लाल सिग्नल ओलांडू पाहिल्यास स्वतः ब्रेक लावते. तिला सुरक्षेची चौथी पातळी प्राप्त आहे, आणि तिचे संदेश खरे आहेत हे गुप्त सांकेतिक चाव्यांच्या साह्याने पडताळले जाते. तिचा रेडिओ ४०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या पट्ट्यात चालतो. शिवाय रेल्वेला २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी स्वतःच्या दळणवळणासाठी मिळाल्या.

या आकड्यांपाशी जुन्नर पुन्हा कथेत येते. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वी येथे देशाचे उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले, आणि १९९० च्या दशकात गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी ही महादुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या आहेत. या जागेच्या निवडीत परिसरातील रेडिओ शांततेचा विचार निर्णायक होता, आणि भोवतालच्या डोंगरांनी ती शांतता राखायला मदत केली. दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधील कित्येक पट्टे ऐकते; कवचाचा पट्टा आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दोन्ही त्यांत मोडतात. विद्युत इंजिनाच्या ठिणग्या आणि प्रवाशांचे भ्रमणध्वनी हा आणखी वेगळा कोलाहल.

महारेल या राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त कंपनीने पुणे ते नाशिक असा सुमारे २३५ किलोमीटरचा अर्धद्रुतगती मार्ग आखला, तेव्हा त्यावर मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा ही नावे होती, आणि माळशेज सोडून दिल्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आत या तालुक्यांना प्रथमच रूळ दिसणार होते. खेड परिसरात भूसंपादनही सुरू झाले. परंतु दुर्बिणीच्या निरीक्षणांना बाधा येईल असा आक्षेप आला, आणि रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये जीएमआरटीजवळून जाणारी आखणी सोडून अहिल्यानगर व शिर्डीमार्गे नवी आखणी करीत असल्याचे जाहीर केले. मूळ मार्गाचा आग्रह धरणाऱ्या स्थानिक लोकप्रतिनिधींची नाराजी समजण्यासारखी आहे, आणि टोमॅटो व कांद्याच्या शेतकऱ्यांचीही. मात्र आधुनिक रेल्वेची सुरक्षा ज्या रेडिओवर उत्तरोत्तर विसंबत गेली आहे, तोच रेडिओ येथे तिच्या आड आला, ही विसंगती या वादाच्या चर्चेत फारशी कोणी मांडली नाही.

रेडिओविना गाडीचे रक्षण करण्याची साधने अस्तित्वात आहेत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर १९८० च्या दशकापासून वापरात आलेली सावधान यंत्रणा रुळालगतच्या चुंबकीय साधनांतून इंजिनाशी संपर्क साधते, आणि युरोपीय गाडीनियंत्रण प्रणालीच्या पहिल्या पातळीत रुळांमधील बलीझ, म्हणजे वरून जाणाऱ्या इंजिनाला संदेश देणारी चौकोनी पेटी, हेच काम करते. अशा यंत्रणेत संदेश ठरावीक बिंदूंवरच पोहोचतो, त्यामुळे ती मंद ठरते. पण दूरवरून तिच्याशी बोलणे जवळजवळ अशक्य असल्याने आयईसी ६२४४३ च्या परिभाषेत तिच्या वाहिन्या थोड्या आणि राखायला सोप्या राहतात. खोडदच्या पट्ट्यात तिचा विचार करण्याचा प्रसंग, आखणीच बदलल्यामुळे, आलेला नाही.